बागेत काय काय आणावं

साताऱ्यात दोन विषयांवर कुणाचंही मत फुकट मिळतं. कंदी पेढा कुणाकडचा घ्यावा आणि जुनी बाग कशी सुधारावी. पहिल्या विषयात मी पडत नाही, त्यावरून जुळत आलेल्या सोयरिकी मोडू शकतात. दुसऱ्यात मात्र पडावं लागलं. राजवाड्याजवळच्या बागेसाठी नागरिकांच्या सूचना मागवायचं ठरलं आणि त्या लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात आलं. निकष एकच, अक्षर. चांगलं अक्षर हा आपल्याकडे गुन्हाच असतो आणि त्याला जन्मठेप असते. वर्गणीच्या पावत्या, लग्नाच्या पत्रिकांवरचे पत्ते, 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी, सगळं त्याच एका कैद्याकडे.

बागेचं नाव मुद्दाम घालत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि ज्याला कळणार नाही त्याला ती आपल्याच पेठेतली वाटेल. चालेल.

बैठक देवळाच्या सभामंडपात होती. साताऱ्यात आठवड्याच्या साती वारांच्या पेठा आहेत, आणि बैठकीला सगळा आठवडा हजर होता. वर यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा वेगळे. सूचना मांडायच्या आधी अर्धा तास बाग मुळात कुठल्या पेठेत मोडते यावर गेला. तो मी लिहून घेतला नाही.

पहिला मान आबांचा. वय, आवाज आणि टोपी या तिन्ही बाबतीत ते ज्येष्ठ.

"प्रतापसिंह महाराज असते," आबांनी सुरुवात केली, "तर ही वेळच आली नसती. यवतेश्वरच्या डोंगरावरून खापरी नळानं पाणी यायचं या गावात. ना मोटर, ना वीजबिल. नुसत्या उतारावर! पेठेपेठेत हौद भरायचे. आणि आज बागेतला नळ..."

"सूचना काय लिहू, आबा?"

"लिहा, महाराज असते तर."

मी लिहिलं. 'सूचना क्र. 1: महाराज असते तर.' पुढची कार्यवाही कुणी करायची, हा रकाना रिकामा ठेवला.

आबांचं म्हणणं खोटं नव्हतं. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेल्या गावाला पाणी वरून खाली आणायची अक्कल दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांना होती. पण आबा तिथं थांबतात कुठले? 1839 साली इंग्रजांनी महाराजांना गादीवरून काढून काशीला कसं पाठवलं, त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला कसे गेले, सगळं आलं. 1847 साली महाराज काशीत वारले, तरी रंगो बापूजी तिथंच. अर्ज, विनंत्या, पुन्हा अर्ज. 14 वर्षं! एवढं सांगून आबा खाली बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "मग नळासाठी आपण अजून अर्जच कुठं केलाय म्हणा." मंडपात जरा हुरूप आला.

त्यानंतर तरुण मंडळ. त्यांना सेल्फी पॉइंट हवा होता. 'आय लव्ह सातारा' अशी पुरुषभर उंचीची अक्षरं, मधे लाल बदाम, रात्री दिवे. अक्षरं मराठीत की इंग्रजीत, यावर दोन गट पडले. 'आपला सातारा' असा तोडगा निघाला, तेव्हा 'आपला' म्हणजे नेमका कुणाचा, यावर तिसरा गट पडला. अक्षरं कुठं बसवायची ते मात्र एकमताने ठरलं. हिरवळीवर. म्हणजे बागेत हिरवळ म्हणून जो एक चौकोन शिल्लक आहे, तिथंच. "मागं हिरवं दिसलं पाहिजे ना फोटोत," मंडळाचा अध्यक्ष म्हणाला. पुढच्या हिरव्यावर सिमेंटचा चौथरा येणार होता, पण तो फोटोत दिसणार नव्हता.

मग बापू उठले. बापूंची सूचना डायनासोर.

फायबरचा, मान हलवणारा, पोरं जवळ गेली की ओरडणारा. कुठल्याशा महामार्गावरच्या ढाब्यापुढं त्यांनी तो पाहिला होता, आणि तिथल्या मिसळीपेक्षा तोच त्यांच्या जास्त लक्षात राहिला होता. आबा भडकले. "ऐतिहासिक बागंत डायनासोर? साताऱ्याचा नि त्याचा संबंध काय?"

इथं भूगोलाच्या निवृत्त सरांनी तोंड घातलं. घालायला नको होतं. "तसा संबंध आहे," ते म्हणाले. "अजिंक्यताऱ्याचा हा काळा दगड लाव्हारसाचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. डायनासोर संपले तोही काळ तोच. काही शास्त्रज्ञ म्हणतात, या लाव्ह्याच्या धुराचाही त्याला हातभार लागला."

"म्हणजे आपल्यामुळं गेले!" बापू म्हणाले. "मग तर स्मारक पायजेच!"

यावर आबांकडेही उत्तर नव्हतं. डायनासोर तिसऱ्या क्रमांकावर गेला.

तात्यांनी कासचं पठार मागितलं. म्हणजे पठारावरची फुलं आणून बागेत लावायची, की पर्यटक 25 किलोमीटर वर न जाता राजवाड्यापाशीच थांबतील, भेळ खातील, पेढे घेतील. सरांनी सांगितलं की ती फुलं जांभ्या दगडावरच्या बोट-दोन बोटं मातीत, धो धो पावसात येतात. भरपूर काळी माती आणि शेणखत घातलं तर ती उगवणारच नाहीत. तात्यांनी क्षणभर विचार केला. "मग सोप्पंय. आपल्या बागंत मातीच घालायची नाही." हे ऐकून मला बागेच्या आजच्या अवस्थेमागचं धोरण प्रथमच उमगलं.

खरा घोळ झाला तो खुल्या रंगमंचावरून. रंगमंचाला जागा हवी आणि जागेत उभा आहे पर्जन्यवृक्ष, निम्म्या बागेवर सावली धरून. "एक झाड गेलं तर काय बिघडतंय?" असं एक सद्गृहस्थ म्हणाले. मागच्या रांगेत वकील बसले होते आणि वकील कधी नुसते बसत नाहीत. शहरातली झाडं तोडण्याबद्दल 1975 चा कायदा आहे. 2021 साली त्यात दुरुस्ती झाली. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता वारसा वृक्ष, आणि झाड तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची.

झालं. वय ठरवायला सुरुवात. आबा म्हणाले, मी चड्डीत होतो तेव्हाही ते एवढंच होतं. यावरून झाड वाढतच नाही असं एकानं सिद्ध केलं. दुसऱ्यानं शंभर वर्षं धरली. मग शंभर झाडं लावायची कुठं, तर बागेतच. बापूंनी बोटांवर हिशोब केला आणि त्यांचा चेहरा उतरला. शंभर झाडं लावली तर डायनासोरला जागाच उरत नव्हती. पर्जन्यवृक्षाच्या बाजूनं त्या सभेत सर्वांत जोरकस भाषण बापूंनी केलं. झाड वाचलं.

त्याच्या बुंध्यापर्यंत भिडवलेल्या पेव्हर ब्लॉकचा विषय मीच हळूच काढला. झाडाभोवती मीटरभर माती मोकळी ठेवा, असा राष्ट्रीय हरित लवादाचा दिल्लीतल्या झाडांबद्दलचा 2013 चा आदेश आहे. मुळांना पाणी नको का मिळायला? "चिखल होतो," असं उत्तर आलं. बागेत चिखल होणं हा साताऱ्यात बेशिस्तीचा प्रकार मानला जातो.

एव्हाना सूचना चाळिशीपार गेल्या होत्या. संगीत कारंजं, ओपन जिम, हास्य क्लबला कट्टा, हास्य क्लबच्या आवाजाविरुद्ध ज्येष्ठांना वेगळा कट्टा, भूमिगत पार्किंग, मिनी ट्रेन. लोक उठायला लागले, तेव्हा खांबाशी बसलेल्या एक वहिनी बोलल्या. नातवाला घेऊन आल्या होत्या. नातू झोपला होता.

"ते नळाचं आबांनी काढलं होतं, त्याचं पुढं काय झालं? नि बायकांसाठी संडास पायजे. नि दुपारचं कुलूप काढा."

"दुपारी बाग बंदच असते, वहिनी."

"तेच म्हणते. सकाळी आमचे डबे, संध्याकाळी सैपाक. आमच्या हातात वेळ असतो तो दुपारचाच. कामाच्या घरांतून सुटणाऱ्या बायका चार घास खायला दुकानाच्या पायऱ्या शोधत फिरतात."

"दुपारी जोडपी येऊन बसतात," तात्या घाईनं म्हणाले.

"बसू देत की. झाडं खात्यात का?"

मंडपात कुणी हललं नाही. मी लिहिलं. 'सूचना क्र. 47: नळ, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, दुपारी फाटक उघडं.' बिनखर्चाची म्हणावी अशी सबंध यादीत ही एकच गोष्ट होती, दुपारचं कुलूप. त्यामुळे तिच्यावर चर्चा करण्यासारखं कुणाला काही सापडेना.

वहिनी नातवाला खांद्यावर टाकून टेबलापाशी आल्या आणि कागदात डोकावल्या.

"अक्षर छान हाय हो तुमचं. पण हे खाली का?"

"शेवटी सुचवलंत म्हणून."

"वर घ्या."

"किती वर?"

त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. "ह्या पालीच्या वर."

"पाल नाही ती," बापू दारातून ओरडले, "डायनासोर आहे!"

"असंल," वहिनी म्हणाल्या. "पण तिला कुठं दुपारी जायचं असतं?"