ओळखतात म्हणजे डिमेन्शिया नाही? मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

तालमीच्या ग्रुपपासून भजनी मंडळाच्या ग्रुपपर्यंत कोल्हापुरात सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: म्हातारी माणसं घरच्यांना ओळखतात तोवर डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, भीती नको; विसरणं वयाचंच असतं; तपासायला नेऊ नका, नसलेला आजार डॉक्टर चिकटवतात; रोज भिजवलेले बदाम द्या. हे वाचून कुणी आईला दाखवायचं वर्षभर लांबवलं तर गेलेला वेळ परत मिळत नाही, म्हणून हे लिहितोय.

ओळखण्याचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो खरा वाटतो. महाद्वार रोडच्या गर्दीत कुणीतरी हात करतो. चेहरा पाहण्यातला आहे हे लगेच कळतं, पण हा कोण, कुठे भेटला होता, ते आठवत नाही. म्हणजे ओळखण्यात दोन कामं आहेत: एक, पाहिल्यासारखं वाटणं, दुसरं, प्रसंगासकट आठवणं. दुसऱ्याची भिस्त मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागावर जास्त असते. निरोगी म्हातारपणात हे दुसरं काम मंदावतं, पहिलं बऱ्यापैकी टिकतं. माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंटमध्ये, म्हणजे डॉक्टर ज्याला एमसीआय म्हणतात त्यात (विसरणं वयाच्या मानाने जास्त, पण रोजची कामं जमतात अशी अवस्था), प्रसंग आठवणं आणखी ढासळतं. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, दोन्ही कामं बिघडतात.

त्यात मुलगा, सून, शेजारी हे चेहरे वर्षानुवर्षं रोज पाहून पक्के बसलेले असतात. ते फार उशिरा पुसले जातात. तेवढ्यावरून निकाल लावला तर आजार बराच पुढे जाईपर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नाही.

घरात नीट बघा. आजोबा दारात येईल त्याला म्हणतात, "ये की, ओळखलं की तुला!" घरच्यांना बरं वाटतं. पण लाईटचं मीटर बघायला पहिल्यांदाच आलेल्या पोरालाही तेच. कोण आलंय विचारलं तर, "आपलंच की पोरगं." नाव नाही, गाव नाही, आणि अर्ध्या तासाने कुणी आलं होतं हेही ध्यानात नाही. अल्झायमरमध्ये न पाहिलेल्या गोष्टीलाही "हो, पाहिलंय" म्हणण्याकडे कल वाढतो. शब्दांच्या आणि चित्रांच्या चाचण्यांत हे वारंवार दिसलंय. म्हणून त्या "ओळखलं की"चा आनंद जरूर घ्या, पण त्याला मेंदूचा दाखला समजू नका.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण इतकी ऐकलीय की विसरणं वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. वयाने आठवायला वेळ लागतो हे खरं. फरक कळतो तो खुणेने. चाचणीत काही शब्द ऐकवतात, थोड्या वेळाने विचारतात, नाही आले तर खूण देतात: "एक भाजी होती." वयामुळे अडलेला माणूस लगेच "दोडका!" म्हणतो, कारण शब्द आत साठलेला असतो. अल्झायमरमध्ये मुळात साठवणच नीट झालेली नसते, त्यामुळे खूण देऊनही फारसं हाती लागत नाही. आणि सगळं वयाचंच असतं तर साठीपुढच्या प्रत्येकाला डिमेन्शिया झाला असता. देशव्यापी लासी-डॅड अभ्यासात भारतातल्या साठीपुढच्यांत हे प्रमाण सुमारे 7.4 टक्के निघालं. ही माणसं थोडी नाहीत, पण सगळी म्हातारी माणसंही नव्हेत.

तपासणीची भीती तर उलटीच आहे. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या, यांनीही स्मरणशक्ती ढासळते आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. तपासलंच नाही तर तो उपाय कोण करणार? एमसीआय निघाला तरी प्रत्येकाला पुढे डिमेन्शिया होत नाही. काहीजण तिथेच राहतात, काही सुधारतात. अल्झायमर असेल तर डोनेपेझिलसारख्या गोळ्या तो थांबवत नाहीत, काहींना काही काळ आधार देतात. पण कळलेलं असलं की बँकेचे व्यवहार, औषधं, रात्रीची सोबत यांची सोय वेळेत लावता येते.

बदाम खाऊ द्यात, पण त्यांनी डिमेन्शिया टळतो किंवा बरा होतो याला पुरावा नाही. रक्तदाब, साखर, तंबाखू आणि कानाचं मशीन यांकडे लक्ष देणं जास्त कामाचं.

सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, केसपेपर काढा किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. जाताना चालू गोळ्यांची पिशवी न्या, आणि एकच प्रश्न कितीदा विचारला जातो, नेहमीची वाट कुठे चुकली, पैशांचा हिशेब कधीपासून जमेना, हे तारखेसकट लिहून न्या. रोज सोबत राहणारं माणूस बरोबर असू द्या. डॉक्टर अर्धी माहिती त्याच्याकडूनच घेतात.