ईआरपीच्या डेटाबेसमध्ये थेट रो टाकायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

रबाळे-महापे एमआयडीसीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, 'जुनं ईआरपी राहू द्या, एपीआयवर पैसे घालवू नका, नवीन मोबाईल ॲप थेट त्याच डेटाबेसला जोडा, आठवड्यात काम होतं'. (ईआरपी म्हणजे बिलं, स्टॉक, हिशोब सगळं सांभाळणारं कंपनीचं सॉफ्टवेअर, आणि एपीआय म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरने त्याच्याशी बोलायचा ठरवून दिलेला रस्ता.) माझा मावसभाऊ ते वाचून व्हेंडरला ॲडव्हान्स द्यायला निघाला, म्हणून लिहितेय.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य म्हणजे 'इन्व्हॉइसच्या टेबलमध्ये एक रो टाकली की बिल तयार' (रो म्हणजे डेटाबेसच्या तक्त्यातली एक ओळ). अहो, नाही होत! ईआरपीत सेव्ह दाबलं की सिरीजमधून नंबर येतो, क्रेडिट लिमिट तपासलं जातं, स्टॉक कमी होतो, पार्टीची उधारी वाढते, जीएसटीच्या लेजरला एन्ट्री पडते, आणि जुन्या सिस्टीममध्ये यातलं बरंचसं प्रोग्रामच्या कोडमध्ये असतं, टेबलला त्याचा पत्ताच नसतो. बाहेरून रो घुसवली तर बिल दिसेल, माल मात्र गोडाऊनमध्ये तसाच, आणि महिनाअखेरीला अकाउंटंट ताळा लावत बसणार.

आणि कायद्याचं काय? कंपनीज (अकाउंट्स) रूल्सच्या नियम 3 प्रमाणे 1 एप्रिल 2023 पासून कंपनीच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा ऑडिट ट्रेल, म्हणजे माग, लागतो, प्रत्येक बदलाचा तारखेसकट एडिट लॉग लागतो, आणि तो बंद करता येता कामा नये. ऑडिटरला रिपोर्टमध्ये त्यावर लिहावं लागतं. लॉग जर ईआरपीच्या स्क्रीनवरून होणारे बदलच टिपत असेल तर थेट डेटाबेसमध्ये पडलेली रो त्यात येणारच नाही. छोटी प्रायव्हेट लिमिटेड असली तरी सुटका नाही.

'डेटाबेसमधून नुसतं वाचायला काय धोका' असं कोणी म्हणेल, ते अर्धं खरं आहे, मान्य. पण एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसच्या नेहमीच्या सेटिंगवर भर दुपारी मोठा रिपोर्ट लावला तर लॉकमुळे (वाचन चालू असेपर्यंत त्या डेटात बदल थांबवून ठेवले जातात) डिस्पॅचवाल्याचं चलान अडकू शकतं, मग कोणीतरी नोलॉक, म्हणजे लॉक न पाळता वाचायची सूचना, लावतो आणि अर्धवट व्यवहारांचे आकडे मालकासमोर जातात.

आठवड्यात काम होतं म्हणे! ईआरपीच्या पुढच्या अपडेटमध्ये कॉलम बदलला की ॲप बंद, आणि दोन्ही व्हेंडर एकमेकांकडे बोट दाखवणार.

दोन्ही सॉफ्टवेअर एकाच टीमची असतील तर एक डेटाबेस चालतो, तेवढं कबूल. नाहीतर वाचण्यासाठी वेगळा रीड-ओन्ली युजर आणि ठरावीक व्ह्यू (डेटाचा निवडक भागच दाखवणाऱ्या खिडक्या) द्या, जड रिपोर्ट डेटाबेसच्या रात्री काढलेल्या कॉपीवर चालवा. लिहायचं असेल तर ॲपने वेगळ्या टेबलमध्ये ऑर्डर ठेवावी आणि तिथून ईआरपीच्या स्वतःच्या इम्पोर्टने ती आत घ्यावी. इम्पोर्टची सोयच नसेल तर ऑर्डर ॲपवर घ्या आणि बिल ऑफिसातूनच करा.