निदान चौथा मुद्दा तरी मागे घ्या: ‘खऱ्या प्रोग्रामर’च्या संदेशाला उत्तर

‘खरा प्रोग्रामर व्हायचंय? आजच व्हिम असा सेट करा.’ या मथळ्याचा, सात मुद्द्यांचा संदेश गेले दोन महिने कॉलेजच्या मुलांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. व्हिम म्हणजे कोड लिहायचा एडिटर, जवळजवळ सगळा कीबोर्डवरून चालणारा. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवरही हा संदेश दोनदा आला. दोन्ही वेळा वाचला आणि सोडून दिला. तेव्हाच उत्तर लिहायला हवं होतं.

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला बडोद्यातल्याच दांडिया बाजारातून दादाचा फोन आला. ‘पोरगी जेवत नाहीये, तू जरा बोल तिच्याशी.’ भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असाइनमेंट होती ग्राफची: गुजरातमधली शहरं, त्यांच्यातली अंतरं आणि डाइक्स्ट्राच्या पद्धतीने सर्वांत जवळचा रस्ता. दोन तास बसून तिने सीमध्ये सगळं लिहिलं होतं. बाहेर धो धो पाऊस, वीज गेली. घरचा डेस्कटॉप, यूपीएस नाही. वीज आल्यावर फाइल उघडली तर आत दुपारचा मजकूर. ‘आत्या, व्हिम सगळं सांभाळून ठेवतो असं तूच म्हणाली होतीस ना?’

हो, मीच म्हणाले होते, आणि ते खोटं नव्हतं. ‘सांभाळू नकोस’ असं बजावलं नसेल तर व्हिम सांभाळतो. तिच्या व्हिमला तसं बजावलेलं होतं, कारण या संदेशातून तिने अख्खी फाइल उचलून आपल्या व्हिमआरसीत, म्हणजे व्हिमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, चिकटवली होती.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. एक, खऱ्या प्रोग्रामरच्या टेबलावर माऊस नसतो. दोन, बाणांच्या कळा बंद करा. त्याऐवजी कर्सर हलवणाऱ्या एच-जे-के-एल ही बोटांसाठी शास्त्रीय पद्धतीने निवडलेली जागा आहे. तीन, सोबतची साठ प्लगइनांची (व्हिमला जोडायच्या जादा सोयींची) तयार व्हिमआरसी जशीच्या तशी वापरा. चार, स्वॉप, बॅकअप आणि अनडू फाइली म्हणजे कचरा, सगळ्या बंद करा, व्हिम पळायला लागेल. पाच, टाइपिंगमधून बाहेर काढणारी एस्केपची कळ लांब आहे, तिच्याऐवजी जे-के लागोपाठ दाबा. सहा, व्हीएस कोड हा दुसरा एडिटर लहान मुलांसाठी आहे. सात, एवढं केलंत की कामाचा वेग दहापट.

मी अठरा वर्षं रोज व्हिममध्ये काम करते आणि तो मला मनापासून आवडतो. म्हणूनच त्याच्या नावावर हे खपवलेलं बघवत नाही.

चौथ्यापासूनच सुरू करते. व्हिममध्ये फाइल उघडली की तिच्या शेजारी एक लपलेली स्वॉप फाइल तयार होते. तुम्ही 200 अक्षरं टाइप केलीत, किंवा 4 सेकंद हात थांबवलात, की तोवरचे बदल तिच्यात उतरतात. वीज गेली, टर्मिनल बंद पडलं, मशीन अडकलं, तरी पुढच्या वेळी तीच फाइल उघडताना व्हिम ‘अटेन्शन’ असं मोठ्या अक्षरांत दाखवतो आणि विचारतो, काय करू? आर दाबायचं. मजकूर परत येतो. तो नीट बघून फाइल सेव्ह करायची, मग जुनी स्वॉप फाइल काढून टाकायची. जातं ते फार तर शेवटच्या काही सेकंदांचं काम. भाचीचे दोन तास गेले, ते ‘सेट नोस्वॉपफाइल’ या एका ओळीने.

तिने अधूनमधून कोलन-डब्ल्यू, म्हणजे सेव्ह, करायला हवं होतं, हे खरं. ते मी तिला सांगितलंही. पण माणूस विसरतो, म्हणूनच ही सोय आहे.

आणि वेगाचं काय? दोनशे अक्षरांमागे एकदा डिस्कवर काही ओळी लिहायच्या, याने आजच्या कुठल्याही मशीनवर व्हिम मंदावत नाही. लोक वैतागतात ते वेगळ्याच गोष्टीला. फोल्डरमध्ये स्वॉप फाइली साठतात, चुकून गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) जातात. त्यावर उपाय आहे. घरच्या डिरेक्टरीत एक फोल्डर करा आणि ‘डिरेक्टरी’ या पर्यायात त्याचा पत्ता द्या, शेवटी दोन तिरप्या रेघा देऊन. मग सगळ्या स्वॉप फाइली एकाच जागी राहतात, आणि नावात पूर्ण पत्ता येत असल्याने दोन प्रोजेक्टांतल्या सारख्या नावाच्या फाइली एकमेकींवर आदळत नाहीत. फोल्डर मात्र आधी हाताने करावं लागतं.

त्या तयार फाइलमधली ‘नोबॅकअप’ ही ओळ तर निरर्थकच आहे, व्हिममध्ये बॅकअप मुळातच बंद असतो. तिच्या खालची ‘नोरायटबॅकअप’ मात्र धोक्याची. सेव्ह करताना व्हिम जुनी प्रत बाजूला धरून ठेवतो आणि नवी पूर्ण लिहून झाली की सोडतो. मध्येच डिस्क भरली तर हातात जुनी तरी उरते. ही ओळ घातली की तीही गेली. अनडू फाइल 2010 च्या 7.3 आवृत्तीपासून मिळते आणि ती चालू केली तर फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडल्यावरही कालचे बदल मागे घेता येतात. शिकणाऱ्या मुलांना याहून उपयोगी सोय मला तरी माहीत नाही. ती कचरा म्हणून बंद करायला सांगायची?

एक मान्य करते. पासवर्ड असलेली फाइल उघडताना या फाइली अडचणीच्या ठरतात, कारण मजकूर उघडाच त्यांच्यात उतरतो. अशा वेळी त्या एका फाइलपुरतं व्हिम ‘उणे एन’ लावून सुरू करा, स्वॉप होणार नाही. अनडू फाइल लावलेली असेल तर तीही तेवढ्यापुरती बंद करा. कायमचं बंद करायला हे कारण पुरत नाही.

आता पाचवा मुद्दा. जे-के लावून एस्केप करण्याची युक्ती जुनी आहे, इंग्रजी लिहिणाऱ्यांना ती चालते, कारण इंग्रजी शब्दांत जेच्या मागे के जवळजवळ येतच नाही. पण आपण बडोद्यात राहतो! भाचीच्या यादीत वडोदरा होतं, आणंद होतं, सुरत होतं आणि राजकोट होतं. राजकोट रोमन लिपीत टाइप करा: आर, ए, जे, के, ओ, टी. ‘आर-ए’ उमटतं. जे-के येताच व्हिम इन्सर्ट मोडमधून, म्हणजे टाइप करण्याच्या अवस्थेतून, बाहेर पडतो. पुढचा ओ ही नॉर्मल मोडमधली (जिथे प्रत्येक कळ म्हणजे आज्ञा) आज्ञा आहे, खाली नवी ओळ उघडण्याची. मग टी त्या नव्या ओळीवर एकटा उमटतो. शहराचे दोन तुकडे, दोन ओळींवर, आणि कंपायलर भलत्याच ठिकाणी चूक दाखवतो. भाचीने यात एक संध्याकाळ घालवली. तिला वाटत होतं आपलं पॉइंटर चुकतंय. राजकुमार, राजकारण, आजकाल, कुठलाही शब्द घ्या, हेच होणार. जे आणि केच्या मध्ये एक सेकंद थांबलात तरच सुटका, कारण मूळ सेटिंगमध्ये व्हिम पुढच्या कळेची 1000 मिलिसेकंद वाट पाहतो. वेगासाठी केलेल्या बदलामुळे राजकोट लिहिताना थांबून राहायचं!

एस्केप खरोखर लांब आहे, ही तक्रार रास्त आहे. पण कंट्रोल आणि डावा चौकटी कंस एकत्र दाबला की तेच होतं, काही सेट न करता. कॅप्स लॉकला कंट्रोल केलंत तर ते दोन्ही हातांच्या अगदी जवळ येतं. आणि कळ दाबल्यावर भलतंच घडत असेल तर त्या कळेला तो अर्थ कुठून मिळाला ते ‘व्हर्बोज’ लावून मॅप विचारल्यावर व्हिम स्वतः सांगतो, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांकासकट. हे एवढं जरी संदेशात असतं तर भाचीची ती संध्याकाळ वाचली असती.

दुसऱ्या मुद्द्यातलं ‘शास्त्र’ म्हणजे इतिहासाचं अज्ञान. बिल जॉय यांनी बर्कलीत 1976 च्या सुमारास व्हीआय, म्हणजे व्हिमचा पूर्वज, लिहिला तो एडीएम-3ए नावाच्या टर्मिनलवर. त्या टर्मिनलच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, वेगळ्या बाणकळा नव्हत्याच. एस्केपची कळ होती आजच्या टॅबच्या जागी, म्हणून तेव्हा ती लांब नव्हती. बोटांवर कुणी प्रयोग करून या कळा निवडलेल्या नाहीत. मीही एच-जे-के-एल वापरते, सवयीने. पण एकेक अक्षर सरकत जाणारा माणूस बाणाने सरको की जेने, हळूच जाणार. वेग येतो तो तिरपी रेघ देऊन शोधण्याने, एफने ओळीत नेमक्या अक्षरावर उडी मारण्याने, सी-आय आणि कंस दाबून कंसातलं सगळं एका दमात बदलण्याने आणि तोच बदल नुसत्या टिंबाने पुन्हा करण्याने. यातलं एकही संदेशात नाही. आणि इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू ठेवून मराठी कॉमेंट लिहिणाऱ्यांना सांगते, नॉर्मल मोडमध्ये परतल्यावर एच-जे-के-एलच्या जागी प-र-क-त जातं आणि व्हिमला काहीच कळत नाही. तिथे बाणकळाच उपयोगी पडतात. त्या बंद करू नका.

माऊसबद्दल अर्धं खरं आहे. हात सारखा उचलून माऊसकडे नेला की लय तुटते, हे मला पटतं. पण व्हिमच्या स्वतःच्या मूळ सेटिंगमध्येच माऊस चालू ठेवलेला आहे. व्हिम बनवणाऱ्यांना जो खपतो तो वापरल्याने भाची कमअस्सल ठरत नाही.

तिसऱ्या मुद्द्यातली साठ प्लगइनं पाहिली. निम्मी अशा भाषांसाठी होती ज्या तिने अजून ऐकलेल्याही नाहीत. व्हिमआरसी ही नुसती आवडीनिवडींची यादी नसते, ती चालणारी आज्ञावली असते. तिच्यातून मशीनवर काहीही करता येतं. न वाचता चिकटवू नये, याला एवढं कारण पुरे. शिवाय 8.0 आवृत्तीपासून व्हिम नवख्यांसाठी काही चांगल्या सेटिंग आपोआप लावतो, पण तुमची स्वतःची व्हिमआरसी नसेल तरच. दोन ओळींची फाइल केलीत तरी त्या सेटिंग गायब होतात आणि मुलांना वाटतं व्हिमच बिघडला. म्हणून पहिली ओळ व्हिमची ती मूळ सेटिंगची फाइल सोर्स करण्याची, म्हणजे वाचून लावण्याची, लिहा. काही बिनसलं तर व्हिम ‘क्लीन’ लावून सुरू करून बघा, दोष व्हिमचा की आपल्या फाइलचा ते लगेच कळतं.

सहाव्यावर वेळ घालवत नाही. निओव्हिममध्ये, म्हणजे व्हिमपासून निघालेल्या नव्या एडिटरमध्ये, आज चुका दाखवणं, नाव बदलणं, व्याख्येवर उडी मारणं जे चालतं ते लँग्वेज सर्व्हरच्या (कोड समजून एडिटरला माहिती देणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामच्या) जोरावर, आणि ती पद्धत व्हीएस कोडसाठी मायक्रोसॉफ्टने तयार करून 2016 मध्ये सर्वांना खुली केली. ज्याची हेटाळणी करता त्याचंच घेऊन वापरता आहात.

दहापट वेगाच्या बाबतीत माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, ब्राम मोलेनार यांचं ऐका. 1991 मध्ये व्हिम लोकांपुढे आणला तो त्यांनी, आणि 2023 मध्ये जाईपर्यंत तो सांभाळला. परिणामकारक संपादनाच्या सवयींवर त्यांनी 2000 साली लिहिलेला लेख अजून वाचायला मिळतो. त्यात ते म्हणतात की प्रोग्रामरचा बराच वेळ वाचण्यात, चुका शोधण्यात आणि योग्य जागा सापडवण्यात जातो, टाइप करण्यात नाही. व्हिमच्या दहा ते वीस टक्के आज्ञा बहुतेकांना पुरतात, आणि कुणाला कोणत्या पुरतील ते प्रत्येकाचं वेगळं. त्यांची रीत तीन पायऱ्यांची: आपला वेळ कुठे वाया जातो ते बघा, त्यावर जलद मार्ग शोधा, तो अंगवळणी पाडा. जो वेळ अजून वाया गेलेलाच नाही त्याच्यासाठी साठ प्लगइनं कशी निवडणार? सगळ्यांना एकच फाइल वाटणं हे त्यांच्या सांगण्याच्या बरोबर उलट आहे.

रविवारी रावपुऱ्यातून भाजी घेऊन दादाकडे गेले तेव्हा भाचीबरोबर बसून तिची व्हिमआरसी पुसली आणि तिला कळणाऱ्या अकरा ओळी तिच्याच हाताने लिहवून घेतल्या. असाइनमेंट तिने सोमवारी पुन्हा लिहून दिली. आता ती विचारते, ‘आत्या, तो संदेश टाकणारा आमचा सीनियर आहे, त्याला काय लिहू?’ मी म्हटलं, भांडू नकोस. त्याला सांग, चौथ्या मुद्द्यातल्या ओळी काढ आणि त्या जागी स्वॉप फोल्डरचा पत्ता टाक. परीक्षेचे दिवस आहेत, पाऊस अजून संपलेला नाही.