‘घरबसल्या बारा हजार’ म्हणणाऱ्यांना

आमच्या भावकीच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. पाठवणारा पुण्यात नोकरीला असलेला चुलतभाऊ. मजकूर थोडक्यात असा : शेतकऱ्याला वर्षाला १२ हजार घरबसल्या, खत फुकट, वीज फुकट, विमा एक रुपयात, कर शून्य. सातबारा असेल त्याची चैन, आणि हे सगळं आमच्या करातून.

आकडा खरा आहे. पीएम किसानचे ६,००० रुपये २०१९ पासून, राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० रुपये २०२३ पासून. दोन-दोन हजारांचे हप्ते. दिवसाला पुरते ३३ रुपयेही पडत नाहीत, आणि तेही माणशी नाही. नवरा, बायको, अज्ञान मुलं मिळून एका कुटुंबाला.

‘घरबसल्या’चं सांगतो. सातबारा आईच्या नावावर. ई-केवायसीसाठी, म्हणजे आधारवर ओळख पटवायला, तिला सेवा केंद्रावर नेलं. उजवा अंगठा लागेना, डावा लागेना. ओल्या फडक्यानं पुसला, चोळला, एकेक बोट लावून पाहिलं. खुरपं धरून धरून रेषाच गेल्यात. दोन हेलपाटे, दोन रोज बुडाले. आता चेहरा दाखवूनही होतं म्हणा, पण तोवर हप्ता अडकलेलाच.

खत फुकट? अनुदान आहे, नाही कोण म्हणतो! पण ते जातं कंपनीकडे. आम्ही दुकानात डीएपीच्या पिशवीचे १,३५० रुपये मोजतो. म्हणजे एका हप्त्यात एक पिशवी येते, उरलेल्या ६५० रुपयांत दुसरी अर्धीही येत नाही.

आणि कर शून्य कसा? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरं. पण खतावर ५ टक्के जीएसटी, कीटकनाशकावर १८ टक्के, डिझेलवरचा कर वेगळा. व्यापारी खरेदीवर भरलेला जीएसटी पुढे वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही, त्याचा गेला तो गेला.

वीज साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला माफ आहे, मान्य. आमची जमीन कोरडवाहू, पंपच नाही. एक रुपयाचा विमाही जुना झाला. खरीप २०२३ ला आला, २०२५ ला बंद झाला. आता खरिपाला २ टक्के हप्ता भरावा लागतो. मेसेज बनवणाऱ्याला ही बातमी पोचलेली दिसत नाही.

मेसेजमध्ये शेतमालाच्या भावाचं नावच नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, आणि लातूरच्या अडतीत दर कित्येक आठवडे साडेचार हजारांच्याही खाली. सरकारी खरेदीला नोंदणी करा, बारदाना येईस्तोवर थांबा, ओलावा ठरल्यापेक्षा जास्त निघाला की माल परत आणा. उसनवारी डोक्यावर असलेला माणूस अडतीवरच घालतो. क्विंटलमागे ४०० रुपये गेले तरी १५ क्विंटलला ६,००० झाले. पीएम किसानचं वर्ष तिथंच फिटलं.

राहिलं सातबाऱ्याचं. इथं मेसेज नकळत खऱ्याच्या जवळ गेलाय. पैसे मिळतात ते जमीन नावावर असणाऱ्याला, कसणाऱ्याला नव्हे. आयकर भरणारा यात बसत नाही, दरमहा १०,००० किंवा जास्त पेन्शन असणारा बसत नाही. चुलतभाऊ नोकरदार, त्याला मिळत नाही. पण आमच्या थोरल्या काकांना मिळतात. काका चार वर्षांपासून पुण्यात त्याच्याकडेच असतात, जमीन त्यांच्या नावावर आहे. ज्या हप्त्याची तो टिंगल करतो, तो जमा झाल्याचा मेसेज त्याच्याच घरात वाजतो.

ती जमीन बटईनं, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, आमच्या शेजारचा गडी कसतो. कागदावर काही नाही, सगळं तोंडी. जमीन त्याच्या नावावर नाही, म्हणून हप्ता नाही. शेत पाण्याखाली गेलं तर भरपाई जमा होणार काकांच्या खात्यावर. परवा तो दुकानातून डीएपीच्या दोन पिशव्या उधारीवर घेऊन चालला होता. १२ हजारांच्या कुठल्याच यादीत त्याचं नाव नाही. मेसेजवाल्यांच्या हिशेबात मात्र तोही चैनीतच आहे.