खिसा, स्कर्ट आणि बंड्याची संस्कृती

विषय संज्याने काढला, आणि संज्याने विषय काढला की आधी स्वतःची पाठ थोपटून घेतो हे कट्ट्यावर सगळ्यांनाच माहितीये. "सरकारी शाळांत जेंडर न्यूट्रल गणवेश, म्हणजे पोरापोरींना एकच शर्ट-पॅन्ट द्यायची, विषय संपला. केरळने करून दाखवलं की."

"काय करून दाखवलं?" बंड्या पेटला. त्याला पेटायला काडी लागत नाही. "आज मुलींना पॅन्टा, उद्या मुलांना झंपर! आपली संस्कृती म्हणून काही..."

"आली संस्कृती," वकील म्हणाला. "आज जरा लवकरच आली."

मेघाने मोबाइलमधून मान वर केली. "बंड्या, तू आत्ता घातलीयेस ती जीन्स कुठल्या पोथीत सांगितलीये रे?"

बंड्या गप्प. म्हणजे बंड्याच्या हिशोबाने गप्प, नुसताच हात हलवत होता.

मास्तर आमच्यातला एकटाच रोज शाळेत जाणारा, त्यामुळे तो सहसा उशिरा बोलतो. म्हणाला, "केरळात दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, तुम्ही एकच करून टाकलीत. एर्नाकुलम जिल्ह्यात वलयनचिरंगराची प्राथमिक शाळा, तिथे बारक्या पोरांना सगळ्यांना शर्ट आणि थ्री-फोर्थ, फारशी बोंब झाली नाही. बोंब झाली ती डिसेंबर २०२१ मध्ये, कोझिकोडच्या बालुसेरीला. तिथे अकरावीच्या मुलींना शर्ट-पॅन्ट आली. हेडस्कार्फ चालेल, फुल बाह्या चालतील असं सांगूनसुद्धा मोर्चे निघाले. मग ऑगस्ट २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री पिनराई विजयनच म्हणाले की सरकार कुठलाही ठराविक गणवेश लादणार नाही."

"म्हणजे घाबरले!" हे संज्या आणि बंड्या दोघं एकदम बोलले, एक चिडून आणि एक खूश होऊन. या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

"घाबरले का शहाणे झाले ते नंतर ठरवा," मेघा म्हणाली. "आधी मला सांगा, तुमच्यापैकी कोणी स्कर्ट घालून जमिनीवर बसलंय? एका हाताने कडा धरायची, गुडघे एका बाजूला, आणि मागून बाई ओरडणार नीट बस म्हणून. आम्ही आतून शॉर्ट घालायचो, म्हणजे एकावर एक दोन गणवेश, आणि दोन्हींना मिळून खिसा एक नाही. रुमाल कमरेला खोचायचा, पैसे मुठीत. पिरियड आला की पॅड वहीत लपवून बाथरूमपर्यंत वही घेऊन जायची. कोणी विचारलं वही कशाला, तर काय सांगणार, तिकडे निबंध लिहायचाय?"

बंड्याला अचानक रस्त्यावरची वाहतूक बघावीशी वाटली.

संज्या मात्र खुलला. "म्हणूनच म्हणतो, सगळ्यांना पॅन्ट, कंपल्सरी!"

"थांब रे समाजसुधारक," मेघाने त्याला अडवलं. "इंग्लंडमध्ये लुईस गावातल्या शाळेने हेच केलं. २०१७ ला नव्या मुलांपासून सुरुवात, २०१९ ला सगळ्यांना ट्राउझर. स्कर्ट घालून आलेल्या मुली गेटवर अडवल्या, बाहेर निदर्शनं, पोलीस. याला तू न्यूट्रल म्हणणार? मुलांचे कपडे होते तेच सगळ्यांना चढवले. मुलांच्या अंगावरचा एक धागा हलला नाही, बदलायचं ते मुलींनीच, आणि वर थँक्यू पण त्यांनीच म्हणायचं."

संज्या 'पण समानता' एवढंच म्हणाला आणि पुढचं वाक्य त्याला सापडलं नाही. माझं मत विचाराल तर ते वाक्य नव्हतंच.

मग वकिलाची पाळी, आणि वकील केस सांगायला लागला की मधे थांबत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात एक चार्टर शाळा, सरकारी पैशावर चालणारी, मुलींनी स्कर्टच घालायचा हा नियम. कारण काय, तर संस्थापकाने लिहून दिलं की स्त्री म्हणजे नाजूक भांडं, पुरुषांनी जपायचं. पालक २०१६ ला कोर्टात गेले, २०२२ ला अपिलात मुली जिंकल्या, २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने शाळेचा अर्ज ऐकायलाच नकार दिला.

"नाजूक भांडं!" मेघा हसायलाच लागली. "आणि जपून झालं की घासायला पण आम्हीच."

"पण मग मुलांनी स्कर्ट घालायचा का?" बंड्याचा हुकमी एक्का.

"घातला की," मास्तर म्हणाला. "इंग्लंडात एक्सेटरला, जून २०१७. भयंकर उकडत होतं, शाळा मुलांना हाफपॅन्ट घालू देईना, मग पोरं सरळ स्कर्ट घालून आली. पुढच्या वर्षीपासून हाफपॅन्ट मंजूर."

"बघा! तरी मी म्हणत होतो!"

"काय म्हणत होतास? उकडतं म्हणून?"

मास्तरचं म्हणणं साधं होतं आणि मला पटलं. कपड्यांची यादी लावायची, हे हे चालेल, आणि कोणी काय घालायचं ते लिहायचंच नाही. २०१९ ला क्लाउडिया शेनबॉम मेक्सिको सिटीच्या प्रमुख होत्या तेव्हा त्यांनी असंच जाहीर केलं, मुलाला स्कर्ट हवा तर स्कर्ट, मुलीला पॅन्ट हवी तर पॅन्ट. "ताईचा शर्ट धाकट्याला होतो, पण बटणं उलट्या बाजूला म्हणून तो घालत नाही, पोरं चिडवतात. आणि एखादं पोर असतं, त्याला मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही रांगांत कोंडल्यासारखं होतं. त्याने रोज सकाळी कपड्यातून जाहीर का करायचं की मी कोण?"

यावर बंड्या काहीतरी बोलणार होता, पण मास्तरने बॉम्ब टाकला. "आणि बंड्या, आठवीच्या गॅदरिंगला राणी कोण झालं होतं?"

"ती भूमिका होती! मुली मिळत नव्हत्या!"

"पडदा पडल्यावर पण घागरा सोडेना हा. म्हणे, हवेशीर वाटतंय."

मेघाला हे नवीन होतं, तिचा ठसका काही थांबेना. बंड्या लालबुंद. चिडला की तो नेहमी जुनी खाती उघडतो, तशी उघडली. "गणवेशाचं बोलताय ना? मग या वकिलाला विचारा, तपासणीच्या दिवशी माझा पट्टा कोणी लंपास केला? मी उन्हात उभा आणि हा माझा पट्टा लावून पहिल्या रांगेत!"

"मुदतबाह्य दावा," वकील शांतपणे म्हणाला. "तीन वर्षांत यायला हवं होतंस."

"म्हणजे घेतला होतास!"

"मी कुठे कबूल केलं? मी फक्त मुदतीबद्दल बोललो."

"पण पट्टा मुलामुलींना सेमच होता ना?" संज्याला मधेच सुचलं. "म्हणजे बघा, जेंडर न्यूट्रल तर आपण तेव्हाच..."

त्याला पुढे कोणी बोलूच दिलं नाही. बंड्या वकिलाच्या कमरेला हात घालून पट्टा काढायला बघत होता आणि वकील ओरडत होता, अरे हा माझाय, पॅन्ट पडेल माझी!

"पडू दे," मेघा म्हणाली, "यादीत स्कर्ट आहे."