पेंडीतलं जनुक दुधातून अंगात येतं?

मानवत-सेलूकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "बीटी सरकीची पेंड खाणाऱ्या म्हशीचं दूध पिऊ नका. पेंडीतलं जिवाणूचं जनुक दुधातून माणसात शिरतं आणि पुढच्या पिढीत उतरतं. माणसात जिवाणूंची २२३ जनुकं शास्त्रज्ञांनाच सापडली आहेत." बीटी म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेला कापूस. मेसेज वाचून माझ्या मामीने आंबोणातली पेंड बंद केली. आठ दिवसांत म्हैस वेळेला चार लिटरवरून अडीचवर आली.

आधी ते २२३. आकडा खोटा नाही, पण जुना आणि मोडीत निघालेला आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा छापून आला, त्यात तो होता. ही जनुकं जिवाणूंत आहेत, माणसात आहेत, पण यीस्ट, फळमाशी, सूत्रकृमी यांच्यात दिसली नाहीत. म्हणून ती थेट जिवाणूंकडून आली असावीत, असा तर्क होता. त्याच वर्षी जनुकसंचाचे अभ्यासक स्टीव्हन साल्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी आणखी जीव तुलनेला घेतले, तर आकडा चाळिसाच्या आसपास उतरला. भावकीतल्या चार घरांत शोधलं आणि आजीचा तांब्या एकाच घरी सापडला, तर तो बाहेरून आणला असं आपण म्हणत नाही. बाकीच्यांनी मोडीत घातला असेल. जनुकांचंही तसंच, काही वंशांत ती गळून जातात. शिवाय मूळ दावासुद्धा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पूर्वजांबद्दल होता, खाण्यापिण्याबद्दल नव्हता.

आता दूध. चाऱ्याच्या डीएनएचे बारीक तुकडे गाईच्या दुधात सापडले आहेत, हे खरं आहे. पण तुकडा सापडणं वेगळं आणि जनुक रुजणं वेगळं. जठरातलं आम्ल आणि स्वादुपिंडाचे पाचकरस डीएनएची चिरफाड करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत झडून जातात. पुढच्या पिढीत उतरायचं तर जनुकाला बीजांड किंवा शुक्राणू घडवणाऱ्या पेशींतच घुसावं लागेल. वाटीभर दह्यात कोट्यवधी जिवंत जिवाणू असतात, प्रत्येकाचा अख्खा डीएनए असतो, आणि आपण ते पिढ्यान्‌पिढ्या खात आलोय. बीटीचं जनुक ज्या जिवाणूचं, तो तर मातीतलाच. मेथीच्या कच्च्या पानाला चिकटून तो आधीही पोटात जात होता.

बीटीवर राग असायला कारणं आहेत. बीटी असूनही २०१७ ला गुलाबी बोंडअळीने आपल्याकडे काय केलं, ते मी शेतात उभं राहून पाहिलंय. पण तो राग खोट्या गोष्टीवर काढू नये.

माणूस आणि जिवाणू यांच्यात जनुकांची देवाणघेवाण कधीच झाली नाही, असंही नाही. परम्याच्या (गनोरियाच्या) जिवाणूत मानवी डीएनएचा एक तुकडा २०११ मध्ये सापडला. म्हणजे वाट उलटी, आपल्याकडून त्याच्याकडे.

खरी रोजची देवाणघेवाण जिवाणू-जिवाणूंतच चालते. प्रतिजैविकाला दाद न देण्याचं जनुक एक जिवाणू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देतो. जपानमध्ये हे १९५९ मध्येच दिसलं होतं. जिथे औषध, तिथे असं जनुक असलेलेच तगतात आणि वाढतात. मला काळजी याची वाटते, पेंडीची नाही. गेल्या पोळ्याच्या सुमारास मामीच्या त्याच म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली होती. कासेत प्रतिजैविक सोडलं होतं, डॉक्टरांनी दूध काही दिवस बाजूला काढायला सांगितलं होतं. दुसऱ्याच सकाळी ते रतिबाला गेलं.