१९७१ च्या ‘प्रीमियर लीग’वर व्हिडिओ कसा बनवावा

जुन्या इंग्लिश फुटबॉलवर मराठीत व्हिडिओ बनवायचा विचार आहे? बनवाच. बाजार तेजीत आहे. परवाच एक व्हिडिओ दोन-तीन ग्रुपांवरून फिरत फिरत येऊन आदळला. गुडघाभर चिखल, मानेवर रुळणारे केस, आखूड चड्ड्या, मागे ढोलांचा दणदणाट आणि पहिलंच वाक्य: ‘प्रीमियर लीगचा तो सुवर्णकाळ, १९७१.’ खाली बदामांचा पाऊस. इतक्या कमी भांडवलात इतकी कमाई दुसऱ्या कुठल्या धंद्यात होत नाही. तुम्हालाही जमावं म्हणून या चार सूचना.

नावापासून सुरुवात करा. प्रीमियर लीग १९९२ साली सुरू झाली, हे सांगून कुणाचा हिरमोड करू नका. तेव्हाच्या अव्वल लीगचं नाव ‘फर्स्ट डिव्हिजन’, पण तसं म्हटलं की प्रेक्षकाला रेल्वेचा डबा आठवतो. संघ २२ होते आणि प्रत्येकाचे सामने ४२, हेही गाळा. २० आणि ३८ सगळ्यांना पाठ आहेत, तेच चालू द्या.

बदली खेळाडू पाच दाखवा. एकच असायचा आणि त्याच्या पाठीवर १२ आकडा असायचा, हे कोण तपासणार आहे?

रेफ्री दिसला की पडद्यावर लाल कार्ड झळकवा. इंग्लिश लीगमध्ये कार्डं आली ऑक्टोबर १९७६ मध्ये. त्याआधी रेफ्री खिशातून वही काढायचा, खेळाडूला जवळ बोलावून नाव लिहायचा, आणि हाकलायचंच असेल तर मैदानाबाहेर जाणाऱ्या बोगद्याकडे बोट दाखवायचा. १९७१-७२ च्या हंगामाला तोंड फुटलं तेच रेफ्रींनी मागून येणाऱ्या टॅकलवर आसूड उगारला म्हणून. तो अख्खा आसूड पेन्सिलीचा होता. ऑगस्ट १९७४ मध्ये वेम्बलीवर लीड्सचा ब्रेम्नर आणि लिव्हरपूलचा कीगन यांना बाहेर काढलं, दोघं शर्ट काढून फेकत गेले, ते चित्रण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यात कार्ड कुठेच नाही. अशा वेळी तुम्ही ते चिकटवायचं. (तो लीगचा सामना नव्हता, हंगामाआधीच्या चॅरिटी शील्डचा होता. पण तुम्ही लीगमध्येच घाला, इथवर आलोच आहोत तर.)

गोलरक्षकानं स्वतःच्या बॅकनं दिलेला पास हातात घेतला की ‘फाऊल!’ म्हणून ओरडा. तेव्हा ते नियमात बसायचं, हे विसरा.

चिखल हवाच. त्यासाठी डर्बी काउंटी संघाचं ‘बेसबॉल ग्राउंड’ नावाचं फुटबॉलचं मैदान घ्या. मैदानावरचा माळी बादली आणि ब्रश घेऊन पेनल्टीचा ठिपका नव्यानं रंगवतो, ते दृश्य तर हमखास. ते एप्रिल १९७७ चं आहे. म्हणजे कार्डं आल्यानंतरचं. म्हणजे तुमच्या आख्ख्या व्हिडिओत लाल कार्ड जिथे खरंच शोभलं असतं अशी ती एकमेव चौकट, आणि नेमकी तिथे तुम्ही ते लावत नाही.

गुणांचं काय करायचं? विजयाला दोन गुण होते, तीन गुण १९८१ पासून. तुम्ही सरळ तीनानं गुणा आणि ‘आजच्या नियमांनुसार’ असा तक्ता फिरवत आणा. १९७१-७२ घ्या. डर्बी ५८, आणि लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी तिघंही ५७. तीनानं मोजलं तर ८२, ८१, ८१, ८०. क्रम तोच. मग बिघडलं काय, असं तुम्ही विचारणार. बिघडलं हे, की मैदानावरचे लोक दोन गुणांचा हिशेब डोक्यात ठेवून खेळत होते. बरोबरी म्हणजे अर्धा विजय. घरी जिंका, बाहेर बरोबरी साधा, दर दोन सामन्यांत चारपैकी तीन गुण. हेच ४२ सामने केलंत तर ६३ होतात, आणि त्या वर्षी डर्बी ५८ वर विजेते ठरले. बाहेरगावी ०-० साठी खेळणारा संघ भित्रा नव्हता, त्याला बेरीज येत होती. तीन गुण असते तर तेच संघ तसे खेळलेच नसते. खेळच वेगळा झाला असता. मग जुने निकाल नव्या भावानं विकून कोणता नफा काढलात?

त्याच हंगामाचा शेवट दाखवताना डर्बीचे खेळाडू घामाघूम होऊन चषक उंचावतायत असं काहीतरी जुळवा. वास्तविक १ मे १९७२ ला लिव्हरपूलला मॅकगव्हर्नच्या गोलवर १-० हरवून डर्बीचे सामने संपले होते आणि संघ मायोर्काला सुट्टीवर गेला होता. डर्बीचा व्यवस्थापक ब्रायन क्लफ सिली बेटांवर होता. इकडे लीड्स शनिवारी, ६ मेला, एफए कपची अंतिम लढत खेळले, जिंकले, आणि सोमवारी, ८ मेला, वुल्व्ह्जच्या मैदानावर उभे. फक्त बरोबरी हवी होती. १-२ हरले. त्याच रात्री लिव्हरपूलला आर्सेनलच्या मैदानावर विजय हवा होता, तिथे ०-० झालं. आणि डर्बी खुर्चीत बसून विजेते. पण एवढं सगळं दोन मिनिटांत सांगायचं म्हणजे वाचावं लागेल. त्यापेक्षा चषक उंचावा.

आता मुख्य सूचना, यावरच तुमचं यश अवलंबून आहे: जिथे जिथे ‘गोल ॲव्हरेज’ येईल तिथे ‘गोल फरक’ म्हणा. परवाच्या व्हिडिओत तसंच म्हटलंय. दोन्हींत गोल आहे, दोन्ही गुण समान झाल्यावर लागतात, मग फरक तो काय?

फरक असा. १९७६ पर्यंत इंग्लिश लीगमध्ये वजाबाकी नव्हती, भागाकार होता. केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. ३ मे १९७१, सोमवार, व्हाइट हार्ट लेन. आर्सेनलचा शेवटचा सामना, तोही टॉटनहॅमच्या घरात. आत ५१,९९२ माणसं आणि बाहेर रस्त्यात हजारो अडकलेली. लीड्सचे ४२ सामने संपलेले: ६४ गुण, ७२ गोल केले, ३० खाल्ले. ७२ भागिले ३०, बरोबर २.४. आर्सेनल ६३ गुणांवर, ७० केलेले, २९ खाल्लेले, म्हणजे २.४१३. बरोबरी झाली तर दोघंही ६४.

वही घ्या. ०-० झालं तर आर्सेनल २.४१३ वरच राहतं, लीड्सच्या पुढे, विजेतं. १-१ झालं तर ७१ भागिले ३०, म्हणजे २.३६६. लीड्स विजेते. म्हणजे एकही गोल न होता बरोबरी झाली तर एक विजेता, गोल होऊन बरोबरी झाली तर दुसरा! अख्ख्या मोसमाचा निकाल या एका भागाकारावर टांगलेला. आणि आता तुमचा गोल फरक लावा. लीड्स अधिक ४२, आर्सेनल अधिक ४१. ०-० लाही लीड्स, १-१ लाही लीड्स. आर्सेनलला जिंकल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि त्या संध्याकाळचा सगळा पेच एका फटक्यात नाहीसा.

पुढे बघा. सामना संपत आला तरी ०-०. आर्सेनलला एवढं पुरे होतं. दोन-तीन मिनिटं उरली असताना आर्सेनलच्या रे केनेडीनं हेडरनं गोल केला. तुमच्या व्हिडिओत इथे ढोल वाजतात, फटाके उडतात आणि विषय संपतो. अहो, धोका तिथेच तर वाढला! गोल नसताना टॉटनहॅमला आर्सेनलचं विजेतेपद हिरावायला जिंकावं लागत होतं. गोल झाल्यावरही त्यांना एकच गोल हवा होता, पण आता उरलेल्या दोन मिनिटांत तो मारून १-१ करायला त्यांची सगळी माणसं पुढे येणार होती. शेवटची ती मिनिटं आर्सेनल अख्खं गोलसमोर उभं राहून का झुंजलं, हे भागाकार केल्याशिवाय कळत नाही. आणि कळत नसेल तर निदान ‘मग आर्सेनलनं आरामात सामना काढला’ असं तरी बोलू नये माणसानं.

हा भागाकार नुसता शेवटच्या दिवसापुरताही नव्हता. ७० विरुद्ध २९ वर असताना एक गोल मारला तर सरासरी २.४१३ वरून २.४४८. एक खाल्ला तर २.३३३. मारल्याचा फायदा ०.०३५, खाल्ल्याचं नुकसान ०.०८. दुपटीहून जास्त! एक खाल्लेला गोल भरून काढायला जवळपास अडीच मारावे लागतात. तक्त्याच्या वरच्या टोकाला बसलेल्या संघानं मग काय करावं? १-० झालं की दार लावून घ्यावं. तळाला नेमकं उलटं. ज्यांची सरासरी एकाच्या खाली त्यांना खाल्लेल्यापेक्षा मारलेला गोल महाग. आर्सेनलनं ४२ सामन्यांत फक्त २९ गोल खाल्ले त्याला तुम्ही ‘कंटाळवाणं’ म्हणता. आयपीएलच्या नेट रनरेटसाठी रात्री दीडला कॅलक्युलेटर काढून बसणारी माणसं तुम्ही, आणि हा एक भागाकार जमेना?

असो. सूचनांकडे वळू.

१९७३-७४ च्या हिवाळ्यात प्रकाशझोतातले रात्रीचे सामने दाखवा. वीज वाचवायची म्हणून प्रकाशझोतांवर बंदी होती, आठवड्यातले सामने भर दुपारी होत होते, आणि त्याच कचाट्यात जानेवारी १९७४ मध्ये रविवारचे सामने पहिल्यांदा सुरू झाले. रविवारी प्रवेशासाठी पैसे घ्यायला १७८० चा कायदा आड येत होता. म्हणून प्रवेश फुकट, पण आत जायचं तर तिकिटाच्या किमतीचा छापील प्रोग्राम घ्यायचा. ही गंमत तुमच्या व्हिडिओत बसत नाही, कारण तिला ढोल लावता येत नाहीत.

मध्यंतराला पडद्यावर इतर सामन्यांचे ‘लाइव्ह’ आकडे सरकवा. मैदानात फळीवर ए, बी, सी अशी अक्षरं लावून पुढे आकडे टांगत. कोणतं अक्षर म्हणजे कोणता सामना, ते प्रोग्राममध्ये. प्रोग्राम घेतला नाही तर ‘एफ २-०’ बघत बसा.

डेनिस लॉचा टाचेनं मारलेला गोल शेवटी ठेवा. २७ एप्रिल १९७४, ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर सिटीकडून खेळणाऱ्या लॉनं आपल्याच जुन्या मँचेस्टर युनायटेडला खालच्या डिव्हिजनमध्ये ढकललं, डोळ्यांत पाणी, संगीत हळवं. बर्मिंगहॅमनं त्याच दिवशी जिंकून ३७ गुण केले होते हे अजिबात सांगू नका. युनायटेड ३२ वर होतं आणि हा धरून दोन सामने बाकी. दोन्ही जिंकले असते तरी ३६. लॉनं टाच मारली काय, न मारली काय, युनायटेड जाणारच होतं. आणि ‘त्याच वर्षापासून तीन संघ खाली जायला लागले, त्यात बिचारं युनायटेड सापडलं’ हे तर मुळीच नको. युनायटेड २१ वं आलं. २२ पैकी २१ वं! जुन्या नियमानं दोनच गेले असते तरी त्यांचा नंबर होताच. तिसरं गेलं ते विसावं आलेलं साउदॅम्प्टन. त्यांच्यासाठी कुणी हळवं संगीत लावत नाही.

आणि रेफ्री रे टिंकलर. १७ एप्रिल १९७१, लीड्सचं मैदान एलंड रोड, लीड्स विरुद्ध वेस्ट ब्रॉम. वेस्ट ब्रॉमचा सजेट ऑफसाइड उभा, लाइनमनचा झेंडा वर, टिंकलरनं खेळ चालू ठेवला, त्यांचाच ब्राउन धावला, ॲस्टलनं गोल केला, प्रेक्षक मैदानात. ‘एका माणसानं लीड्सचं विजेतेपद चोरलं.’ तो एक गोल वगळला आणि बाकी सगळं तसंच धरलं, तर लीड्सचे खरंच ६५ गुण आणि ७२ भागिले २९, म्हणजे २.४८ होतात. आर्सेनलचे ६५ आणि २.४४८. लीड्स विजेते. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण सजेटचा खेळाशी संबंध होता की नाही हे ठरवणं तेव्हाही नियमानं रेफ्रीवरच सोपवलं होतं. वेस्ट ब्रॉम त्या गोलाआधीच १-० ने पुढे होतं. आणि नऊ दिवसांनी, २६ एप्रिलला, याच एलंड रोडवर जॅक चार्ल्टनच्या अगदी शेवटच्या गोलवर लीड्सनं आर्सेनलला १-० हरवलं. तेव्हा आर्सेनलचे खेळाडू ऑफसाइड म्हणून रेफ्रीच्या अंगावर धावून गेले होते. तो गोल तुमच्या व्हिडिओत का नाही? रडायचं तर दोन्ही गोलांवर रडा. मैदानात घुसलेल्या प्रेक्षकांच्या त्या गोंधळापायी पुढच्या हंगामातले घरचे पहिले चार सामने लीड्सला दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळावे लागले, आणि तो हंगाम ते एका गुणानं हरले. ते तरी सांगा!

आता पुरे झालं. हा निव्वळ आळस आहे, दुसरं काही नाही. संगीत निवडायला तुम्ही दोन रात्री घालवता, केसांचा रंग खुलवायला तिसरी, आणि २२ ओळींचा तक्ता उघडायला दहा मिनिटं तुमच्याकडे नसतात. प्रत्येक हंगामाचे तक्ते फुकट उपलब्ध आहेत: जिंकलेले, बरोबरीतले, हरलेले, केलेले, खाल्लेले. चौथीच्या मुलाला येईल असा हिशेब आहे. ज्यांना तो येत होता अशी माणसं पावसात उभी राहून, ट्रान्झिस्टर कानाला लावून, दर गोलला मनात भागाकार करत होती. त्यांच्यासमोर ‘गोल फरक’ म्हणताना जीभ अडखळत नाही?

आणि पुढे पाठवणाऱ्यांनो, तुम्हीही. ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणून जे ढकलताय त्यात १९७७ चा चिखल, १९७६ ची कार्डं, १९८१ चे गुण आणि १९९२ चं नाव आहे. १९७१ त्यात कुठे आहे ते दाखवा, आणि मग पाठवा.